बॉयलर आणि रकाना चौदा

वाफेचं इंजिन घरी बनवायचं असं मी ज्या दिवशी चारचौघांत जाहीर केलं, त्या दिवशी सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडेपर्यंत माझ्या डोक्यात तसलं काहीही नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे आमच्या सोसायटीत अशी कुजबुज सुरू झाली की मी म्हणे वर्षानुवर्षं गॅलरीत गुपचूप काहीतरी स्फोटक तयार करत होतो. मी साधा माणूस आहे. बाष्पक निरीक्षण कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. बाष्पक म्हणजे बॉयलर. आमच्या कार्यालयात कुणी त्याला बॉयलर म्हटलं तर मोठे साहेब चष्म्यावरून बघतात, पण घरी म्हणायला हरकत नाही.

कारखान्यातले, इस्पितळातले बॉयलर चालवायचा परवाना दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो. त्याचा अर्ज माझ्या टेबलावर येतो. अर्जाला बावीस रकाने. मी ते तपासतो आणि चूक सापडली की 'त्रुटी' असा शिक्का मारतो. चूक सापडली नाही तर पुन्हा तपासतो. चोवीस वर्षांत माझा 'त्रुटी'चा शिक्का तीनदा झिजला आणि तीनदा नवा आला. 'मान्य' असाही एक शिक्का मला दिलेला आहे, तो खणात आहे. त्याची गरज सहसा पडत नाही, कारण अर्जदार दोन-तीन फेऱ्यांत कंटाळतात आणि परस्पर मोठ्या साहेबांकडून सही घेऊन येतात.

बॉयलरमामा मात्र साहेबांकडे जाणाऱ्यांतले नव्हते. एका इस्पितळाच्या धुलाईघरातला बॉयलर ते तीस वर्षं सांभाळत होते. माणूस काटकुळा, भुवया निम्म्या जळलेल्या, बोलणं हळू. त्यांचा अर्ज मी दोनदा परत केला होता आणि त्या दिवशी ते तिसऱ्यांदा खिडकीशी उभे होते. भांडण होतं रकाना चौदाचं. रकाना चौदा विचारतो: 'बाष्पक सुरक्षित चालत असल्याची खात्री कशी केली जाते?' याचं उत्तर 'दाबमापकाच्या साहाय्याने' असं आहे. माझ्या चोवीस वर्षांत सगळ्यांनी तेच लिहिलं. मामांचा अर्ज आजवर इस्पितळातला कारकून भरायचा, या वर्षी तो मामांनी स्वतः भरला होता आणि लिहिलं होतं, 'आवाजावरून.'

पहिल्यांदा मी समासात शेरा मारला, 'आवाज हे मान्यताप्राप्त उपकरण नव्हे.' दुसऱ्यांदा त्याच शेऱ्याखाली रेघ ओढली. तिसऱ्यांदाही त्यांनी तोच अर्ज तसाच आणला तेव्हा माझा पारा चढला.

"अहो मामा, तुमच्याकडे दाबमापक नाही का?"

"आहे की साहेब. रकाना नऊमध्ये लिहिलाय."

"मग चौदामध्येही तेच लिहा ना!"

"पण खात्री मी आवाजावरून करतो. खोटं कसं लिहू?" आणि मग जरा घुटमळत म्हणाले, "महिनाअखेर मुदत संपते साहेब. एक तारखेला बॉयलर थंड करावा लागेल. रोजच्या चारशे चादरी आहेत, आजारी माणसांच्या. गार पाण्यात काय निघणार त्यांतून?"

"म्हणूनच म्हणतो, एक शब्द बदला."

मामांच्या तोंडावर राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही पेटलेला बॉयलर कधी पाहिलाय का?"

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी टंकलेखन थांबवलं. चहा घेऊन आलेला शिपाई आहे तिथेच थांबला. इतकी शांतता आमच्या कार्यालयात पगाराच्या दिवशीसुद्धा नसते. खरं उत्तर होतं 'नाही'. हजारो बॉयलर मी पाहिले होते, पण सगळे घडी घातलेले, निळ्या कागदावरचे. आता अशा वेळी माणसानं खोकावं, पाणी प्यावं, फाइल उघडावी. मी यातलं काहीच केलं नाही.

"पाहिलाय म्हणजे? अहो, मी घरी इंजिन बनवतोय! वाफेचं! बॉयलरसकट!"

"घरी?"

"महिन्याच्या शेवटच्या रविवारी या. सकाळी दहा वाजता. चालवून दाखवतो. दाबमापकावर!"

मला वाटलं होतं की ते म्हणतील, राहू द्या साहेब. पण ते म्हणाले, "येतो," आणि अर्ज तसाच घडी घालून खिशात ठेवून निघून गेले. शिपायानं माझा पत्ता त्यांना जिन्यात गाठून लिहून दिला. आमच्या कार्यालयात इतक्या तत्परतेनं झालेलं ते एकच काम.

घरी पोचेपर्यंत राग उतरला होता आणि शेवटच्या रविवारपर्यंतचे दिवस मोजून झाले होते. ही स्वयंपाकघरात होती. मी दारातूनच सांगून टाकलं, "मी वाफेचं इंजिन बनवणार आहे."

"कशाला?"

मी डबा ओट्यावर ठेवला.

"आणि नळ कधी करणार?" ही म्हणाली.

आमच्या स्वयंपाकघरातला नळ चार महिने गळत होता. तो मी स्वतः दुरुस्त करणार असं मी म्हणालो होतो, त्यामुळे प्लंबरला बोलवायची सोय उरली नव्हती. बोलावला असता तर तो माझा अपमान ठरला असता. शेवटी हिनं नळाच्या गळ्याला दोरा गुंडाळला आणि संसार पुढे चालू ठेवला.

"इंजिनाला नळ असतो का हो?" तिनं विचारलं.

"असतो ना. वाफेचा."

"मग तोही गळेल."

तळमजल्यावर लेथकाका राहतात. चाळीस वर्षं कारखान्यात लेथ चालवला आणि निवृत्त होताना एक जुना लेथ बरोबर घेऊनच घरी आले. काकूंनी तो मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू दिला, पण त्याबदल्यात काकांनी काय काय कबूल केलं ते आजवर बाहेर आलेलं नाही. माझी योजना ऐकून काकांना इतका आनंद झाला की त्यांनी ताबडतोब आडकाठी घातली.

"आधी हात बघू तुझा," असं म्हणून त्यांनी काडेपेटीएवढा पितळेचा तुकडा आणि एक कानस माझ्या हातात ठेवली. "चारही बाजू काटकोनात घासून आण. मग इंजिनाचं बोलू."

तीन दिवस मी घासत होतो. पकड हवी म्हणून जेवणाच्या टेबलाला लोखंडी जबड्याचा शेगडा आवळला, त्याचे दात टेबलावर उठले ते अजून आहेत. एक बाजू सरळ झाली की दुसरी तिरपी व्हायची. दुसरी सरळ करेपर्यंत पहिलीला ते कळून ती तिरपी व्हायची. काडेपेटीएवढा तुकडा खोडरबराएवढा झाला, मग साखरेच्या खड्याएवढा. चौथ्या दिवशी काकांनी त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडात धरला आणि फटीतून खिडकीबाहेरचं बघत म्हणाले, "अजून दोन दिवस घासलंस तर अंगठीत बसवता येईल." पण हाताला फोड आलेले बघून त्यांनी मला पास केलं. परीक्षा तुकड्याची नव्हतीच, असं ते म्हणाले. मला हे आधी कळलं असतं तर मी फोडांचीच सोय केली असती.

बातमी इमारतभर झाली होती. आमच्या वरच्या मजल्यावरचे विमावाले त्याच संध्याकाळी आले आणि माझ्याशी एक शब्द न बोलता हिच्याशी तासभर बोलत बसले. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. म्हणाले, "छंदच हवा तर मासे पाळा. मासे कुणाला त्रास देत नाहीत." मी म्हटलं, इंजिनही देत नाही. त्यावर ते म्हणाले, "मासे फुटत नाहीत." या माणसाला माझ्याबद्दल काय वाटतं ते मला बारा वर्षांत पहिल्यांदाच इतकं स्पष्ट कळलं.

आता राहिला परवानगीचा प्रश्न. मी मोठ्या साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, "सर, मला घरी बाष्पक बसवायचा आहे."

"आंघोळीच्या पाण्याला का?"

"नाही सर. इंजिनाला." आणि मी हातानं आकार दाखवला. पाणी प्यायच्या पेल्याहून थोडा मोठा.

साहेब मनापासून हसले. "अहो, याला कसली परवानगी? करा आणि मजा करा."

मला ते लागलं. चोवीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की नियम लहानमोठं बघत नाही, आणि माझ्या वेळेला मी म्हणू की माझा लहान आहे? मी कोरा अर्ज घेतला आणि बावीस रकाने भरले. वाफनिर्मिती टन प्रति तास: दशांशचिन्हापुढे तीन शून्यं आणि मग तीन. धुराड्याची उंची: चार इंच. मग तो अर्ज आवक नोंदवहीत नोंदवून स्वतःच्या टेबलावर ठेवला, आणि रांगेत त्याचा नंबर आला तेव्हा तपासला. धुराडं अपुरं होतं. शेजाऱ्यांचा ना-हरकत दाखला जोडलेला नव्हता. मी 'त्रुटी' मारली आणि अर्ज टपालानं घरी रवाना केला.

तिसऱ्या दिवशी हिनं लिफाफा हातात दिला. "हे तुमचंच अक्षर आहे ना?"

"कार्यालयाकडून आलंय."

"मग कार्यालयाला सांगा, पाकिटावर आपलं आडनाव नीट लिहा."

त्रुटी दूर करायला सुरुवात केली. धुराड्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं, पण बाकीचे रकाने मी अक्षरशः पाळले. रकाना नऊप्रमाणे दाबमापकाची तबकडी किमान सहा इंच व्यासाची आणि तीनशे पौंडांपर्यंत मोजणारी हवी. मी तशीच आणली. ती बॉयलरवर बसवली तेव्हा लेथकाकांनी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. "अरे, बॉयलरला दाबमापक लावलाय की दाबमापकाला बॉयलर?" मी म्हटलं, रकान्यात बसतं. ते आपल्या लेथकडे निघून गेले. रकाना अकराप्रमाणे सुरक्षा-झडप, म्हणजे दाब फार झाला की आपोआप उघडून वाफ सोडणारी झडप, लाखेनं सीलबंद असावी लागते, कुणी छेडछाड करू नये म्हणून. काकांनी वीस पौंडांना उघडेल अशी छान छोटी झडप लेथवर करून दिली होती. मी घरी येऊन तिच्यावर लाल लाख ओतली आणि अंगठ्याच्या नखानं ठसा उठवला. कामाला कसं रूप आलं.

खरं सांगायचं तर त्या इंजिनात माझ्या हातचं किती हा प्रश्न नाजूक आहे. बॉयलरची तांब्याची नळी मी कापली. त्यात करवतीची सात पाती मोडली, पण कापली. झाकणांना डाग काकांनी दिला, मी चिमट्यानं धरलं होतं. सिलिंडर काकांनी केला, मी बघत होतो, आणि बघायचं कसं तेही त्यांनीच शिकवलं. चाक मात्र मी स्वतः मिळवलं. हिच्या शिलाई मशीनचं चाक जड, गोल आणि आयतं होतं. हिला ते कळलं तेव्हा ती उशांचे अभ्रे शिवायला बसली होती. तिनं आवाज चढवला नाही. ती गॅलरीत आली, इंजिनावरून आपलं चाक काढून घेतलं, हातात तोलून पाहिलं आणि म्हणाली, "हे फिरवायला तुमचा हा पेला पुरणार?" मग काकांनी पितळेची एक चकती करून दिली. त्या प्रकारानंतर दोन दिवस मला कपाटातून रुमाल स्वतः काढून घ्यावा लागला.

ना-हरकत दाखला देताना सेक्रेटरींनी अट घातली, "चाचणीला मी जातीनं हजर राहणार. काही झालं नाही तर तिथेच सही करतो." काही झालं नाही तर, हे शब्द त्यांनी दोनदा म्हटले.

शेवटचा रविवार उजाडला. गॅलरीत स्टूल, स्टुलावर इंजिन. एका बाजूला लेथकाका, दुसऱ्या बाजूला सेक्रेटरी, पांढऱ्या शुभ्र शर्टात, दाखला पॅडला लावून. ही दाराशी उभी होती, हातात ओला नॅपकिन घेऊन. तो कशाला हे मी विचारलं नाही. बरोबर दहाला बेल वाजली आणि बॉयलरमामा आत आले. कडक इस्त्रीचे कपडे घातले होते. वरच्या खिशातून अर्जाची घडी डोकावत होती.

त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली. "घड्याळ छान आहे," ते म्हणाले.

"ते दाबमापक आहे."

"अस्सं," मामा म्हणाले आणि स्टुलाशेजारी मांडी घालून बसले. "उद्या तीस तारीख, साहेब."

"मला माहीत आहे. आधी हे बघा."

मी पाणी भरलं, स्पिरिटचा दिवा बॉयलरखाली सरकवला आणि वहीत वेळ लिहिली. पाच मिनिटं झाली. काटा शून्यावर. दहा मिनिटं झाली. काटा शून्यावर. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं. आतून टकटक झाली, मग बारीक गुणगुण सुरू झाली, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही, मी काट्याकडे बघत होतो. पंधरा मिनिटांनीही काटा होता तिथेच. मी वात वाढवली. मग ती गुणगुण भरदार झाली, आणि एकाएकी थांबली.

मामांनी मान वाकडी केली. "साहेब, दिवा काढा."

"का? काटा अजून शून्यावर आहे."

"काट्याचं राहू द्या. ऐका जरा."

"हे बघा मामा, ऑफिसातला वाद इथे नको. तीनशे पौंडांचं प्रमाणित दाबमापक आहे. त्याच्यावर शून्य म्हणजे शून्य!"

मामांनी नुसता हात मागे केला. हिनं त्यात ओला नॅपकिन ठेवला, जणू दोघांचं आधीच ठरलं होतं. एका हालचालीत त्यांनी दिवा बाहेर ओढला आणि नॅपकिननं झाकला. त्याच क्षणी गरम होऊन मऊ पडलेली माझी लाख झडपेवरून सुटली आणि असा काही शिट्टीसारखा आवाज झाला की खालच्या रस्त्यावरचा सायकलवाला सायकल टाकून भिंतीला चिकटला. गॅलरीभर वाफ. मी कधी खाली बसलो मला आठवत नाही. वाफ विरली तेव्हा सेक्रेटरी जागच्या जागी ताठ उभे होते, आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर लाखेचा एक लालभडक, गोल ठिपका बसला होता.

"मी सही करणार नाही!" ते किंचाळले.

"सही कशाला भावजी," ही म्हणाली, "सील लागलंय ना."

काकांनी मला हात देऊन उठवलं. "तीनशे पौंडांच्या तबकडीवर वीस पौंडांनी काटा हलतोय होय रे? तो खुंटीला टेकलेला असतो, तसाच राहणार."

"मग हे आधी नाही का सांगायचं, काका?"

"सांगणार होतो. तू म्हणालास, रकान्यात बसतं. आणि त्या झडपेवर तू लाख ओतली आहेस हे तर मला आता शर्टावर दिसलं."

दाबमापक नियमाप्रमाणे, सील नियमाप्रमाणे, आणि मामा नसते, लाख सुटली नसती, तर ती तांब्याची नळी फुटली असती, तीही हिच्यापासून चार हातांवर. मी मामांकडे बघायचं टाळत होतो. आता ते हसतील, आणि उद्या सगळं कार्यालय हसेल.

मामा हसले नाहीत. बॉयलर निवला तसं त्यांनी झडपेवर राहिलेली लाख नखानं खरवडून काढली, झडप बोटानं वर-खाली करून पाहिली, आणि म्हणाले, "भांडं चांगलं आहे. झडप तर फारच चांगली. पुन्हा पेटवू या."

"पुन्हा?" सेक्रेटरींनी विचारलं. पण ते गेले नाहीत. दाराच्या आत जाऊन उभे राहिले आणि तिथून मान बाहेर काढली.

वाफेच्या नळाच्या सांध्यातून पाण्याचे थेंब येत होते. मी पाना शोधायला लागलो. ही म्हणाली, "सरका." तिनं पदराच्या टोकानं सांधा पुसला, दोरा तेलात बुडवला आणि चार वेढे असे घट्ट घातले की थेंब थांबले. चार महिने तिनं त्याच कामाचा सराव केला होता आणि मला वाटत होतं की ती फक्त वाट बघतेय.

पाणी भरलं. दिवा लागला. मी काट्याकडे बघायला लागलो तशी मामांनी ती तबकडी भिंतीकडे फिरवून ठेवली. "डोळे मिटा साहेब."

"दोन्ही?"

"दोन्ही."

मी मिटले. आधी काहीच ऐकू आलं नाही, फक्त सेक्रेटरींचा श्वास. "आता टकटक होईल," मामा हळूच म्हणाले. "तळाला पाणी तापतंय." झाली टकटक, पत्र्यावर बारीक वाळू पडावी तशी. "आता गाईल." ते गायला लागलं, आधी बारीक, मग भरून. "आता सूर खाली येईल. उकळी धरली की गाणं थांबतं. थांबलं की समजायचं, वाफ जमतेय. त्यानंतर फार वेळ सोडायचं नाही." मी कान देऊन ऐकत होतो. चोवीस वर्षांत मी एवढं कशाकडेही लक्ष दिलं नव्हतं. सूर खाली आला, आणखी खाली आला, आणि थांबला.

"आता!" मी ओरडलो. मामा नाही, मी.

"मग सोडा की."

मी डोळे उघडून नळ फिरवला. फुस झालं, पितळी चाक थरथरलं आणि अडून बसलं. काका म्हणाले, "बोट लाव, बोट!" मी चाकाला बोट लावलं, आणि ते माझ्या बोटाखालून निसटून फिरायला लागलं. खटक-खटक-खटक. इतकं भराभर की चाकाच्या कडा दिसेनात. वाफेचे छोटे छोटे गोळे धुराड्यातून वर जात होते, चार इंचाच्या, अपुऱ्या धुराड्यातून. काका कमरेवर हात ठेवून आपला सिलिंडर बघत होते. ही हसत होती. सेक्रेटरी बाहेर येऊन टाळ्या वाजवत होते आणि मधूनच आठवण होऊन खिशावरची लाख खरवडत होते. मला फार आनंद झाला. लहानपणानंतर एवढा झाल्याचं आठवत नाही. रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी वहीत वेळ लिहायचं निमित्त केलं. इंजिन सव्वा मिनिट चाललं.

ते थांबल्यावर मी मामांना म्हणालो, "मामा, हे असं असतं हे तुम्ही मला ऑफिसातच का नाही सांगितलंत?"

मामांना खरंच आश्चर्य वाटलं. "लिहिलं होतं की साहेब. रकाना चौदा."

हिनं सगळ्यांना चहा दिला. जाताना मामांनी अर्ज खिशातून काढला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ठेवला. "इथे नको. उद्या खिडकीवर देतो," ते म्हणाले. सेक्रेटरींनी दाखल्यावर सही केली, पण खाली कंसात 'पहिल्या खेपेबद्दल हरकत कायम' असं लिहून. तो दाखला जोडून माझा अर्ज मी अजून पुढे पाठवलेला नाही. धुराड्याचं काय करावं ते कळत नाही. आणि नळ संध्याकाळी दुरुस्त करायला घेतला होता, तर ही म्हणाली, राहू द्या, दोरा चांगला बसलाय.

सोमवारी खिडकी उघडली तेव्हा मामा पहिले होते. अर्ज तोच, घड्या पडलेला. रकाना चौदात तेच एक शब्दाचं उत्तर, शेजारी माझा शेरा, शेऱ्याखाली माझी रेघ. मी तो शेरा खोडला. समासात सही केली, तारीख घातली. शिपाई चहाचा ट्रे घेऊन नेमका तिथेच उभा होता. शेजारच्या बाईंनी टंकलेखन थांबवलं होतं.

मग मी खण उघडून 'मान्य'चा शिक्का काढला. त्यावर धूळ होती. पुसून पॅडवर टेकवला आणि अर्जावर मारला. मामा पाठमोरे उभे होते, पिशवीचा बंद बांधत.

"नाही लागला साहेब," ते न वळताच म्हणाले.

मी पाहिलं. नुसती एक फिकट कड उमटली होती. बाकीचं रबर इतक्या वर्षांनी कोरडं ठाक पडलं होतं. मी शिक्का तोंडाजवळ धरला, हाऽऽ करून त्यावर चांगली वाफ सोडली, पॅडवर दाबला आणि उठून उभा राहून दोन्ही हातांनी मारला.

मामांनी पिशवी खांद्याला लावली.

"हां," ते म्हणाले. "आता लागला."